आतली कडी

माझी एक खोड आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं. चाळीस वर्षं मी थापी धरली. आमच्या भागात कुठेही उभे राहा आणि पाठ टेकायला भिंत शोधा, दोनातली एक माझ्या हातची निघेल. हल्ली गुडघ्यांनी संप पुकारलाय, परांचीवर चढवत नाही, म्हणून बहुतेक वेळ घरीच असतो. बायको म्हणते, हात थांबले आणि तोंड सुटलं. म्हणू दे. तिला उत्तर द्यायला मी काही वेडा नाही.

माझ्या कामाला तोंडावर नाव ठेवून वर माझ्याच हातचा खाऊ खाल्लेलं माणूस जगात एकच आहे, ते म्हणजे माझी नात. सहा वर्षांची असेल तेव्हा. मी शेजारच्यांच्या कुंपणाची भिंत बांधत होतो आणि ही बया माझा ओळंबा घेऊन खेळत होती. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. ते सोडायचं आणि भिंत सरळ चढतेय की नाही ते बघायचं. हिने एक डोळा मिटला, दोरी सोडली आणि चार मजुरांसमोर म्हणाली, "आजोबा, तुमची भिंत वाकडी आहे."

"तुझी मान वाकडी असेल," मी म्हटलं.

मजूर खी खी करायला लागले. मग मीच दोरी धरली. भिंत करंगळीएवढी बाहेर गेली होती! मुकाट्याने दोन थर उतरवले आणि पुन्हा चढवले. तेव्हापासून तिचं नाव पडलं ओळंबा. खरं नाव शाळेच्या हजेरीत आहे, तिथेच असू दे.

पुढे ती मोठी झाली, पण डोळा तोच. गणितात तर अशी की खोलीला विटा किती लागतील ते मी बोटं मोजेपर्यंत ही सांगून मोकळी. "मी इंजिनिअर होणार," म्हणायची. "तुमच्यासारख्या मिस्त्रींच्या भिंती टेप लावून तपासणार."

"हो ना," मी म्हणायचो. "इंजिनिअर हो आणि माझी एक भिंत पाडून दाखव. बघतो मी."

दोन वर्षांपूर्वी तिच्या शाळेत मुलींसाठी टॉयलेट बांधायचं ठरलं. शाळा समितीत पाच माणसं, पाचही मिशीवाली. काम मला मिळालं आणि नळजोडणी माझ्या मुलाला, तो प्लंबर आहे. नातीच्या शाळेचं काम, मग काय विचारता! मी जीव ओतला. फरशी अशी बसवली की त्यात तोंड बघावं. दार कुठल्या बाजूला घ्यायचं यावर समितीत चर्चा झाली. मीच सुचवलं की मैदानाकडे घ्या. उद्घाटनाला पाहुणे मैदानात बसणार, फोटो निघणार, मग दार पाठीमागे ठेवून काय उपयोग? सगळ्यांना पटलं. आणि कडीचा तर मी विचारसुद्धा केला नाही. आयुष्यभर सिमेंटची गोदामं बांधलेली, दार दिसलं की माझा हात आपसूक बाहेरून कडी ठोकतो. बोटाएवढ्या जाड लोखंडाची कडी, तिला कुलूप. हेडमास्तर कडी हलवून म्हणाले, "मिस्त्री, हत्ती आला तरी उघडायची नाही." मी असा फुगलो की शर्टाची बटणं तुटायची वेळ आली.

तेव्हा ओळंबा सहावीत होती.

आता बाटलीचं सांगतो. गुडघे दुखायला लागल्यापासून मला एकच नोकरी उरली होती, संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी जाऊन नातीला घेऊन यायचं. फाटकाशी आली की ती दप्तर माझ्या खांद्यावर टाकणार आणि पाण्याची बाटली हातात देणार. बाटली रोज जड. सकाळी तिच्या आईने गळ्यापर्यंत भरलेली, संध्याकाळी गळ्यापर्यंत तशीच.

"अगं, पाणी प्यायला नेतेस की फिरवायला?"

"तहानच लागली नाही."

"एवढ्या उन्हात? तू काय उंट आहेस?"

यावर ती हसायचीसुद्धा नाही. घरी आलं की मी ते पाणी दारातल्या लिंबाच्या झाडाला ओतायचो. लिंबू मात्र जोरात फोफावलं. आणि ही घरात शिरली की आधी धावत न्हाणीघरात, मग माठापाशी जाऊन घटाघटा तीन भांडी. मला वाटायचं, पोरगी घाईची आहे झालं. चाळीस वर्षं डोळ्याला दोरी लावून बसलेला माणूस, पण समोरचं दिसत नव्हतं.

आठवीत गेल्यावर तिच्या दांड्या सुरू झाल्या. आधी महिन्यातून चार दिवस, पोट दुखतं म्हणून. मग आठवडा. गणिताचं एक प्रकरण बुडालं, मग दुसरं. वर्गात उत्तर येईना म्हणून आणखी जायला नको. आणि एके सकाळी ती चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मी आजपासून शाळेत जाणार नाही."

मला वाटलं थट्टा करतेय. बघितलं तर ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे भरलेले.

"का?" मी ओरडलो. ओरडायला नको होतं.

"नाही जायचं म्हणजे नाही जायचं."

माझा मुलगा पाइपांची पिशवी उचलत म्हणाला, "बाबा, नको तर नको. राहू दे घरी. मोठी झालीय आता, आईला मदत करेल." असं म्हणून तो कामाला निघूनसुद्धा गेला. म्हणजे माझ्या ओळंब्याचा निकाल दारात चपला घालता घालता लागला! बायकोकडे बघितलं, तर ती भांड्यात मान घालून बसलेली. सून भिंतीकडे बघत होती. घरातल्या तीन बायका गप्प आणि एकटा मी खेकसतोय, असं आमच्याकडे कधी होत नाही.

चार दिवसांनी शाळेतून चिठ्ठी आली. महिनाअखेरपर्यंत मुलगी हजर झाली नाही तर नाव कमी करावं लागेल, वर्ष जाईल. हातात बारा दिवस होते.

मी तडक शाळेत गेलो. नक्की कुणीतरी मास्तराने हात उगारला असणार, या हिशेबाने बाह्या वर करूनच गेलो. हेडमास्तर बिचारे भले गृहस्थ. मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"मिस्त्री, शपथेवर सांगतो, कुणी बोट लावलेलं नाही. तुमची नात तर आमची हुशार मुलगी. पण काय करणार, सगळ्यांचं हेच आहे. सहावीत बावीस मुली होत्या. आठवीत नऊ आहेत. आता तुमची गेली की आठ. मुलींचं मनच लागत नाही हो. सोय तरी आम्ही काय कमी केली आहे? तुम्हीच बांधलंय की!"

असं म्हणून ते उठले. त्यांच्या खुर्चीच्या मागे खिळ्याला किल्ली होती, ती काढली आणि मला टॉयलेट दाखवायला घेऊन गेले. मैदान ओलांडलं, कुलूप उघडलं, आणि काय सांगू! दोन वर्षांत एका फरशीला चरा नाही. भिंती दुधासारख्या पांढऱ्या. नळाची तोटी नवी कोरी.

"अजून चकाचक!" मी म्हटलं.

"तपासणीला साहेब आले की आधी हेच दाखवतो," ते म्हणाले. "घाण होऊ नये म्हणून किल्ली मी स्वतःजवळ ठेवतो."

आम्ही दोघं थोर पुरुष तिथे उभे राहून माझ्या गिलाव्याचं कौतुक करत राहिलो. नातीची गोष्ट त्यात राहूनच गेली. नाही म्हणायला परतताना त्यांनी पुन्हा महिनाअखेरची आठवण करून दिली.

घरी आलो. बायको आणि सून भाजी निवडत बसल्या होत्या. मी ऐटीत जाहीर केलं, "शाळेत सगळं उत्तम आहे. कुणी मारत नाही, कुणी बोलत नाही. आणि माझं काम तर आजसुद्धा नवं वाटतं."

बायकोने हातातली जुडी खाली ठेवली. "अहो, वापरलेली वस्तू दोन वर्षं नवी राहते का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! आपल्या न्हाणीघराची फरशी बघा आणि ती बघा. कुणी फारसं जातच नाही तिथे. नवी राहणार नाही तर काय होणार?"

"का जात नाही? एवढं चांगलं बांधलंय..."

आणि तेव्हा माझी सून बोलली. सोळा वर्षं झाली तिला या घरात येऊन; माझ्यासमोर तिचा आवाज "बाबा, जेवायला चला" याच्यापुढे क्वचित गेला असेल. ती खाली बघतच म्हणाली, "किल्ली मागायला हेडमास्तरांच्या खोलीत जावं लागतं, बाबा. तिथे चार माणसं बसलेली असतात. ती विचारतात, काय पाहिजे? मग मैदानातून जायचं, सगळ्या शाळेसमोर. त्या चार दिवसांत कशी जाईल पोरगी? म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत थेंब नाही."

मला बाटली आठवली. आणि लिंबाचं झाड आठवलं.

"मीसुद्धा आठवीतच सोडली," सून म्हणाली. "आमच्याकडे तर तेवढंही नव्हतं. घरी सगळे म्हणाले, हिला गोडी नाही अभ्यासाची. मला होती हो गोडी. भूगोलात पहिली यायचे मी. का सोडतेस, असं कुणी विचारलंच नाही."

ती उठून आत गेली. मी तिथेच उभा, हातात काठी.

"मला आधी का नाही सांगितलं कुणी?" मी बायकोवरच चिडलो.

"तुमच्या कामाला नाव ठेवायची हिंमत आहे का कुणात?" ती म्हणाली.

त्या दिवशी मी जेवलो नाही. खोटं कशाला सांगू, आधी राग आला. चाळीस वर्षांत कुणी असं बोललं नव्हतं, आणि आता घरातल्याच बायका! मग राग ओसरला आणि लाज वाटायला लागली. ती ओसरेना. मला त्या पोरीचे मिटलेले ओठ दिसत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिच्याशी बोलायला गेलो. ती खिडकीत बसली होती. मी घसा खाकरला. आता आजोबाने नातीशी असल्या विषयावर बोलायचं म्हणजे काय सोपं आहे? मी एकदा हवेबद्दल बोललो. एकदा लिंबाबद्दल बोललो. तिने तोंड फिरवलं. शेवटी मी उठलो, माझ्या थैलीतून टेप आणि कानामागची पेन्सिल काढली आणि तिच्या हातात दिली.

"हे बघ. तू इंजिनिअर, मी मिस्त्री. शाळेतलं काम मी बांधलंय, तू तपासायला आली आहेस. दोष सांग. मिस्त्री मध्ये बोलणार नाही."

तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. "नक्की?"

"बोललो तर गिलावा खाईन."

जरा हसली. मग वहीच्या मागच्या पानावर आखून दाखवायला लागली, आणि एकदा आखायला लागल्यावर लाजबीज गेली कुठल्या कुठे. दार मैदानाकडे आहे, ते चुकलं. जिन्याच्या पायऱ्यांवर मुलं बसलेली असतात, कोण गेली, किती वेळ लागला, मोठ्याने आकडे मोजतात. आत नळ नाही, बाहेर आहे, म्हणजे सगळ्यांसमोर बादली भरून न्यायची. टाकायच्या गोष्टी टाकायला डबा नाही. दप्तर ठेवायला कट्टा नाही. मी मान हलवत होतो आणि दात आवळून गप्प बसलो होतो.

"आणि कडी," ती म्हणाली, आणि थांबली.

"कडी काय?"

"बाहेरून आहे. आतून नाहीच. एक मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहायची, मग तिचापण तास बुडायचा. एकदा ती नव्हती. मी एकटीच गेले. आणि कुणीतरी बाहेरून कडी लावली."

मी पुढे सरकून बसलो.

"पूर्ण तास मी आत होते, आजोबा. हाका मारल्या. दार ढकललं. ती कडी हलतच नाही हो. मग शिपाईकाकांनी उघडलं तेव्हा मधली सुट्टी झाली होती. सगळं मैदान हसत होतं." पेन्सिल तिने कागदावर दाबून धरली होती, तिचं टोक मोडलं. "तेव्हापासून मी पाणी पीत नाही."

हत्ती आला तरी उघडायची नाही, अशी कडी. मीच शोधून आणली होती, मीच ठोकली होती, या हातांनी. आतमध्ये माझी ओळंबा दार ढकलत होती आणि बाहेर मी गावभर त्या कडीचं कौतुक सांगत फिरत होतो. मला रडू आलं. लपवायचा प्रयत्न केला, जमला नाही. तिने माझा हात धरला आणि उलट मलाच म्हणाली, "असू दे आजोबा, तुम्हाला कुठे माहीत होतं?" त्याने तर मी आणखीच फुटलो.

रविवारी सकाळी मी पहार आणि छिन्नी-हातोडा काढला. बायको म्हणाली, "गुडघे?" मी म्हटलं, "गेले खड्ड्यात." तर तीही पदर खोचून निघाली आणि मागोमाग सून घमेलं घेऊन. शाळेला सुट्टी होती. मी दाराच्या चौकटीवर पहिला घाव घातला आणि दहा मिनिटांत हेडमास्तर धापा टाकत हजर. शिपायाने जाऊन सांगितलं असणार.

"मिस्त्री! अहो मिस्त्री! हे काय चाललंय? हे काम वरून मंजूर झालेलं आहे! तुम्हाला परवानगी कुणी दिली?"

"माझं काम आहे आणि ते चुकलंय," मी म्हटलं. "चुकलेली भिंत मी ठेवत नाही. कुणाकडे तक्रार करायची ती करा."

"पण दोन वर्षांत एकही तक्रार आली नाही हो! आणि पुढच्या महिन्यात तपासणी आहे!"

माझं तोंड उघडणारच होतं, आणि ते उघडलं असतं तर सगळंच बिघडलं असतं. पण बायको पुढे झाली. अगदी मऊ आवाजात तिने विचारलं, "सर, तुमच्या घरी बाथरूमची किल्ली कुणाकडे असते?"

हेडमास्तरांना कळेना. "घरी? घरी कशाला किल्ली लागते?"

"समजा असती. आणि ती आमच्या ह्यांच्या खुर्चीमागे टांगलेली असती. तुमच्या बायकोने, तुमच्या मुलीने रोज रस्ता ओलांडून यायचं आणि चार पुरुषांत उभं राहून मागायची. तर त्या दिवसभरात किती पाणी प्यायल्या असत्या?"

 हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हळूच म्हणाले, "बावीसच्या नऊ झाल्या आणि मला वाटलं, त्यांचं मन लागत नाही." त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या बायकोच्या हातात ठेवली. "तपासणीचं मी बघतो. मिस्त्री, किती दिवस लागतील?"

"सात," मी म्हटलं. चिठ्ठीतल्या मुदतीचे आठ उरले होते.

आपणच बांधलेली भिंत फोडणं काय असतं ते मिस्त्रीलाच कळतं. चांगली पक्की बांधली होती मेली, फुटता फुटेना. मी माझ्याच नावाने शिव्या देत होतो. मैदानाकडचं दार बुजवलं. मागच्या बाजूला, कुंपणाकडे, नवं दार काढलं आणि त्याच्या समोर आडोशाची भिंत चढवली. दप्तराला कट्टा केला, झाकणाचा डबा ठेवायला कोनाडा केला. तिसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर माझा मुलगा पाइप खांद्यावर घेऊन उभा. कुणी बोलावलं नव्हतं.

"आतला नळ मी घेतो," तो एवढंच म्हणाला. नळ जोडून झाल्यावर पाना पुसत बसला आणि खालच्या मानेने पुटपुटला, "बाबा, मी तिला का ते विचारलंच नाही."

"मी तरी कुठे विचारलं? ओरडलो फक्त," मी म्हटलं. मग दोघांनी मिळून दार चढवलं.

ओळंबा शाळेत जात नव्हती, पण रोज संध्याकाळी शाळा सुटून मैदान रिकामं झालं की तपासायला येत होती. नव्या भिंतीला पाणी मारायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. सहाव्या दिवशी आडोशाच्या भिंतीचा गिलावा पुरा झाला. मी हात धुतले आणि म्हटलं, "काय साहेब, पास?"

ती काही न बोलता जिना चढून गेली. अगदी वरच्या पायरीवर उभी राहिली, जिथे मुलं बसायची तिथे. तिथून ओरडली, "आजोबा, इथून दाराची वरची चौकट दिसते. तीन थर वाढवा!"

"तीन? अगं गिलावा झालाय! एक पुरेल."

"तीन!"

हेडमास्तर व्हरांड्यात उभे होते, ते तोंडावर हात ठेवून हसत होते. मी बडबडत बडबडत वरचा गिलावा खरवडला आणि तीन थर चढवले. एकानेच भागलं असतं, असं मला अजूनही वाटतं. पण ते मी तिला बोललो नाही.

सातव्या दिवशी फक्त कडी राहिली होती. या वेळी बाहेर काहीच नाही, कुलूपही नाही. आतून एक गुळगुळीत, हलकी कडी, मुलीच्या खांद्याच्या उंचीला. कुठे ठोकायची ती खूण तिनेच पेन्सिलने केली. मी ठोकून बाहेर आलो.

"बघ लावून," मी म्हटलं.

ती दारापाशी गेली आणि उभी राहिली. आत जाईना. तेव्हा मला कळलं की भिंत, नळ, कट्टा हे सगळं मी केलं, पण आत जाऊन दार लावायचं तिचं तिलाच करायचं होतं, आणि तिथे माझी थापी काही कामाची नव्हती.

"मी इथेच उभा आहे," मी म्हटलं. "दाराला हात लावणार नाही. कुणाला लावू देणार नाही."

ती आत गेली. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मी काठी घट्ट धरून उभा. सून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. किती वेळ गेला कोण जाणे, मला तर वर्ष गेल्यासारखं वाटलं. मग आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला, कडी मागे सरकली आणि ओळंबा बाहेर आली. तोंड धुतलेलं, केसांवर पाण्याचे थेंब.

"सहज सरकते," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. "इंजिनिअर व्हायच्या आधीच तुमची भिंत पाडून दाखवली की नाही?"

"पाडली बाई, पाडली!" मी म्हटलं. सुनेने तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

जुनी कडी अजून माझ्या थैलीत आहे. कुणी काम विचारायला आलं की टेप शोधताना आधी तीच हाताला लागते, आणि मग मी विचारतो, "हे वापरणार कोण? त्यांना बोलवा, त्यांच्याशी बोलतो." लोकांना वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. फिरू दे.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती शाळेत गेली. सकाळी आईने बाटली भरून दिली. मी दिवसभर घरात येरझारा घालत होतो. बायको म्हणाली, फरशी झिजेल. शाळा सुटायच्या अर्धा तास आधीच मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. घंटा झाली. पोरी बाहेर आल्या, त्यात ओळंबा, दोन मैत्रिणींशी काहीतरी तावातावाने बोलत. माझ्यापाशी आली, दप्तर माझ्या खांद्यावर टाकलं आणि बाटली हातात दिली.

इतकी हलकी होती की माझा हात वरच गेला. मी झाकण उघडून उलटी केली. एक थेंब पडला.

"काय बघताय?" ती म्हणाली. "संपलं. उद्या मोठी बाटली द्या. आणि आजोबा, बुडालेलं गणित मला कोण समजावणार ते बघा, बाटली बघण्यात वेळ घालवू नका."

घरी आल्यावर मी आधी लिंबापाशी गेलो. त्याला म्हटलं, बाबा रे, तुझे लाड संपले. आणि नळावरून एक बादली भरून आणून घातली.